पेन्सिलीचे ठिपके

फ्रिज दुरुस्त करता करता त्याची तीस वर्षे गेली, पण तो कधी घाईत दिसला नाही. गिऱ्हाईक कितीही तावातावाने आले तरी हा आधी चहा संपवी, चष्मा पुसी आणि मग म्हणे, "बघू की उद्या." गल्लीने त्याचे नाव थंडोबा ठेवले होते आणि त्यालाही ते मान्य होते.

त्या रिकाम्या फ्लॅटमध्येही तो असेच म्हणाला होता. भाडेकरू न सांगता गेलेले. घरमालकाने फ्रिज तपासायला बोलावले, तेव्हा कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतून हातभर लांबीचा एक पाळीव सरडा मान उंचावून त्याच्याकडे पाहत होता. "नेईल कुणीतरी उद्या," म्हणून थंडोबा निघून आला. आठ दिवसांनी सुटा भाग घेऊन परत गेला, तर सरडा तिथेच. कातडे हाडांना चिकटलेले. मग मात्र त्याने त्याला शर्टात गुंडाळून घरी आणले.

ऐटीमुळे घरात सरड्याला साहेब म्हणू लागले. तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी वाळूत अकरा अंडी घातली आणि बायकोची हसून पुरेवाट झाली. हसू चार दिवसच टिकले. उपाशी देहाला बाळंतपण झेपले नाही, साहेब गेले.

"आठ दिवस आधी आणला असता तर," एवढेच बोलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई थांबल्या आणि अंड्यांकडे वळल्या. तीस अंशांची ऊब, दोन महिने. आणि अंडे जसे आहे तसेच राहिले पाहिजे. आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो, फिरवले की गुदमरतो. म्हणून प्रत्येकावर वरच्या अंगाला पेन्सिलीचा ठिपका.

थंडोबाने एका निकामी फ्रिजच्या पोटात दिवा बसवला, थर्मोस्टॅट जोडला. जन्मभर गारठा सांभाळलेला माणूस आता उबेवर डोळा ठेवून बसू लागला. तापमानाचा काटा बाहेरच लावलेला होता; ऊब जाऊ नये म्हणून दार तो आठवड्यातून एकदाच उघडी. दुकानातून तो तीनतीनदा घरी फोन करी.

"माझ्या बाळंतपणात दवाखान्याचा रस्ता विसरला होतात," बायको म्हणाली.

"तेव्हा लक्ष ठेवायला तू होतीस."

तेविसाव्या दिवशी दुपारी त्याने फ्रिजचे दार उघडले आणि तो जागीच थिजला. एकही ठिपका वर नव्हता.

त्याला लहानाचे मोठे करणारी आत्या चार दिवसांपूर्वीच गावाहून राहायला आली होती. त्याने हाक मारली.

"फिरवली मी. रोज फिरवतेय," ती पदराला हात पुसत म्हणाली. "तू नुसता बघत बसतोस. कोंबडी काय करते मग? नाही परतलं तर पिल्लू एका अंगाला चिकटतं."

"हे सरड्याचं आहे, आत्या. याला चिकटावंच लागतं."

तिचा चेहरा उतरला. "मग मला सांगितलं का कुणी?"

कुणीच सांगितले नव्हते. सांगू की उद्या, असे म्हणत त्यानेच चार दिवस घालवले होते.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आता पुन्हा हलवू नका. चार दिवसांनी टॉर्च धरून बघा. लाल शिरा दिसल्या तर जीव आहे."

त्या चार दिवसांत आत्या खोलीकडे फिरकली नाही आणि तिला घासही गोड लागला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला थंडोबा "आत्ताच येतो" म्हणाला, तेव्हा शेजारच्या शिंप्याने त्याला तब्येत विचारली.

टॉर्च धरायची वेळ आली तेव्हा त्याने आत्याला हाक मारली. टॉर्च तिच्या हातात दिली.

"मी नको रे."

"अंड्यातलं तुलाच कळतं. आयुष्यभर उन्हात धरून बघत आलीस."

आत्या वाकली. पहिले अंडे नुसतेच पिवळे. दुसरे, तिसरेही. "नाही," ती म्हणे आणि पुढे सरके. सहाव्यापाशी मात्र ती बराच वेळ थांबली. "इकडे ये."

बारीक लाल धागे, आणि त्यांच्यामध्ये काहीतरी धडधडत होते. अकरा संपली तेव्हा अशी दोन निघाली.

सवयीने थंडोबाचे बोट जुना ठिपका वर आणायला पुढे गेले.

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली.

त्याने बोट मागे घेतले. कानावरची पेन्सिल काढून, श्वास रोखून, आता वर असलेल्या अंगाला नवे ठिपके टेकवले. दिवा उडाला तर दुसरा हाताशी हवा, म्हणून तो तसाच बाजारात निघाला. चहा ओट्यावर निवत राहिला.