तानुबाईनं ओळखलेला धोतरा

अमडापूरच्या तानुबाईला नवऱ्यापेक्षा कपाशीची काळजी जास्त, असं तिचा नवरा शेषराव थट्टेनं म्हणायचा. बोंडअळी दिसली की तिचं जेवणावरचं मन उडायचं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. फवाऱ्याचा पंप गावात नवा होता. त्या साली शेषरावनं तो पहिल्यांदा पाठीवर घेतला.

पेरणीआधी सरकी शेणकाल्यात हातानं घोळायची, ही त्याची लहानपणापासूनची सवय. त्याच सवयीनं त्यानं बादलीतलं फवाऱ्याचं औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळलं.

"काडी घ्या ना!" तानुबाई ओरडली.

"काडीनं सरकी घोळते का कोणी?" तो हसला.

दुपारी तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला, तो उठेचना. घामानं सदरा चिंब, तोंडातून लाळेची धार, छातीत घरघर. तिचा दीर उत्तमराव यानं त्याला बैलगाडीत घालून आरोग्य केंद्रात आणलं. नर्स सिंधूताईंनी कपडे काढून साबणानं अंग धुतलं. डॉक्टरांनी बॅटरीनं डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी शिरेत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पुन्हा दिलं, आणि मग पुन्हा.

घरघर कमी झाली. तानुबाईनं हात जोडले. पण तेवढ्यात शेषरावचा चेहरा लाल झाला, ओठ सुकले, बाहुल्या डोळाभर पसरल्या. तो हवेतून कापूस वेचू लागला. "विमले, गाठोडं धर," म्हणू लागला. विमल ही त्याची केव्हाच वारलेली बहीण.

तानुबाईचा धाकटा भाऊ शिवरात्रीला भांगेतून धोतऱ्याचं बी खाऊन असाच हवा वेचत मेला होता.

"तुम्ही यायले धोतरा देऊन राह्यले!"

डॉक्टरांचा हात थांबला. "हो बाई. धोतऱ्यात जे असतं, तेच या औषधात आहे."

"ऐकलं का भाऊजी? कबूल करून राह्यला हा! गाडी जुंपा."

"डाक्टर हाये तो वहिनी, खाटीक नाही," उत्तमराव पुटपुटला, पण बैलांकडे गेला.

डॉक्टर घाईनं बोलले, "लाळ सोड, घाम सोड, असा निरोप अंगात आपोआप जातो आणि लगेच पुसलाही जातो. फवाऱ्याच्या औषधानं तो पुसणाराच निकामी केलाय. निरोप थांबतच नाही. छाती पाण्यानं भरून माणूस गुदमरतो. या इंजेक्शननं तो निरोप ऐकू येत नाही. विष उतरेपर्यंत ते द्यावंच लागेल."

"मग माया भाऊ काऊन मेला?"

"त्याच्या अंगात धोतऱ्याला अडवायला दुसरं विष नव्हतं. सगळा धोतरा त्याच्यावरच पडला."

तिला पटलं नाही. ती शेषरावच्या दंडावर आडवी पडली. "आता टोचू देणार नाही."

डॉक्टर सुई धरून उभे राहिले. बाहेर जू चढवल्याचा आवाज आला. शेषरावचे हात हळूहळू खाली आले, बडबड थांबली. तानुबाईला हायसं वाटलं. तिनं त्याच्या ओठाच्या कडेचा ओलावा पदरानं टिपला. तो परत आला. तिनं परत टिपला. मग धारच लागली, आणि छातीत पुन्हा तीच घरघर.

"सिंधूताई, हे काय होऊन राह्यलं?"

"इंजेक्शन उतरलं, बाई. विष नाही उतरलं."

तानुबाई त्या लाळेकडे पाहत राहिली. भावाचं तोंड तर शेवटपर्यंत कोरडं होतं. तिनं अंग बाजूला घेतलं.

"द्या," ती म्हणाली. "पण मी हात लावून पाहीन."

प्रत्येक सुईनंतर ती त्याच्या गालात बोट घालून पाही. बोट ओलं निघे, की डॉक्टर पुन्हा भरत. शेवटी बोट कोरडं निघालं. शेषराव परत हवा वेचू लागला, विमलला शिव्या देऊ लागला. तानुबाईची धोतऱ्याची भीती गेली नव्हती, तरी तिनं त्याचा दंड सुईसाठी मोकळाच ठेवला.

उत्तमराव दारात आला. "गाडी तयार हाये, वहिनी."

"बैलं सोडा, भाऊजी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.