भामरेअण्णांचा उजवा हात

गेम सुरू झाला की लोक आधी शत्रू शोधतात. भामरेअण्णा आधी स्वतःभोवती गिरकी घ्यायचे. समोरचं एखादं दार धरायचं, माउस बरोबर वीतभर सरकवायचा, आणि पडद्यावरचा त्यांचा सैनिक पूर्ण फिरून पुन्हा त्याच दारासमोर यायला हवा. जरा पुढे गेला की मला म्हणत, "योगेश, दोन सूत जास्त झालं. कमी कर."

अण्णा मूळचे नामपूरचे, अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर. मुलगी पल्लवी नोकरीसाठी जर्मनीला गेली, तेव्हा तिचा गेमचा कन्सोल घरीच राहिला. तिकडे तिने दुसरा घेतला. दर रविवारी दुपारी बापलेक इंटरनेटवरून एकाच बाजूने लढायचे. अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर अण्णांना जमेना. "अंगठ्यानं काय काम होतं? मनगट पायजे," म्हणायचे. म्हणून तिने माउस जोडायची डबी पाठवली. माउस किती सरकला की बंदूक किती वळावी, तो आकडा बसवायचं काम माझं, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं. तीन रविवार खटपट केल्यावर अण्णा म्हणाले, "आता कसं, मापात आलं!"

दिवाळीनंतर वीतभर सरकवणं त्यांना जमेना. "चार बोटांत बसव." मी आकडा वाढवला. महिन्याभरात चाराची दोन बोटं झाली. तेव्हा कुठे मी त्यांचा हात नीट पाहिला. अंगठ्याजवळचं मांस ओसरून तिथे खड्डा पडला होता. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचा आजार. बरा होत नाही.

"पल्लवीला सांगायचं नाय," अण्णांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आणि मला बजावलं. "नोकरी सोडून येईल ती." व्हिडिओ कॉलवर ते तो हात शालीखाली ठेवत. आम्ही दोघंही गप्प बसलो.

आकडा वाढवला की हाताच्या थरथरीनेही बंदूक छताकडे जायची; कमी केला की वळणच पुरं व्हायचं नाही. एका रविवारी ते म्हणाले, "अजून वाढव."

"अण्णा, हा शेवटचा आकडा. पुढे नाही."

"मशीन हाय, त्याला हद्द असणारच. मग मला एका दारासमोर उभं करून दे. वळायचंच नाय. समोर येईल त्याला बघू."

पुढचे सगळे रविवार तसेच गेले. मी त्यांना उभं करून द्यायचो, ते फक्त बटण दाबायचे.

मार्चमध्ये त्यांना श्वास घेणं जड जाऊ लागलं आणि चार दिवसांत ते गेले. पल्लवी दुसऱ्या दिवशी पोचली. दहाव्याला रामकुंडावरून परतल्यावर ती मला जिन्यातच थांबवून म्हणाली, "दादा, खरं सांगा. शेवटी शेवटी अण्णा एकाच जागी उभे राहायचे. माझ्याशी खेळायचा कंटाळा आला होता का त्यांना?"

मी दारात उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग मी सगळं सांगितलं, हाताचं, आकड्याचं, शालीचं, ती नोकरी सोडून येईल या अण्णांच्या धास्तीचं.

माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "माझी दीड महिन्याची रजा शिल्लक होती, दादा. नोकरी कशाला सोडली असती मी?"