तालमीमागचं आग्या मोहोळ

शिवाजी पेठेतल्या तालमीचा आकाराम वस्ताद म्हणजे जमदग्नीच. पठ्ठ्याचा डाव चुकला की पाठीवर वळ उठलाच. पण उन्हाळ्याच्या दुपारी हाच माणूस तालमीमागच्या पिंपळाखाली तासन्‌तास बसायचा आणि माशा ओळखायचा. भिंतीच्या भोकात राहते ती सातेरी, झुडपात मुठीएवढं पोळं लावते ती फुलोरी, वाशाला भोक पाडतो तो काळा भुंगा. आणि वर फांदीला सुपाएवढं लोंबतंय ते आग्या मोहोळ. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा होता.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्याचा सगळ्यात लाडका पैलवान विजयसिंह तो कायदा मोडायला उठला. पिंपळाखाली त्याच्या लग्नाचा मांडव पडायचा होता. अंगाला तेल आणि कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती चोळली की डंख शिरत नाही, असं तालमीत कुणीतरी बोललं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मातीनं मुरगळा उतरतो, मग डंख कोण मोठा लागून गेला? मातीपुढं अक्कल गहाण टाकायची ही पैलवानांची जुनी खोड.

पलिता घेऊन शिडी चढणाऱ्या विजयसिंहाचा पाय आकारामनं धरला. "खाली उतर! आग्या हाय ती, सातेरी न्हवं!"

"सोडा वस्ताद! एका पोळ्यापायी माझा मांडव अडीवताय व्हय?"

लाथ थोबाडावर बसली. आकारामचे दोन दात पडले. तोवर पलिता पोळ्याला भिडला होता.

मोहोळ उठलं. विजयसिंह धाडकन खाली आला आणि अंगावरच्या माशा चिरडत सुटला. एक चिरडली की तिच्या वासावर शंभर येत होत्या.

"मारू नगंस त्यास्नी! पळ!"

ऐकतो कोण? शेवटी आकारामनं त्याला चीत केलं, हात आवळले, दोघांवर घोंगडं ओढलं. तरी तो धडपडायचा थांबेना, तेव्हा कानशिलात दोन ठेवून दिल्या. हळूहळू विजयसिंह निपचित झाला. पोरानं एकदाचं ऐकलं, असं आकारामला वाटलं.

रक्षाविसर्जन झालं आणि विजयसिंहाची आई, झुंबरबाई, तालमीत आली. आकारामचा चेहरा अजून सुजलेलाच होता.

"समदं किडं वळखतोस न्हवं? माझं पोर मारलेली माशी दाव मला."

"आक्का, नांगी मारली की ती माशी मरतीया. त्येला डसलेली एक बी जित्ती न्हाय."

"मग तू रं कसा जित्ता?"

तिनं पायातली चप्पल काढली. आकारामनं मान खाली घातली आणि तिचा हात थकेपर्यंत तो उभा राहिला.