व्हरांड्यात ओरडलेला रोग

"ए महारोगवाली, ऊठ! गोळ्या घेऊन जाय!"

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातून कंपाउंडर ओरडला. मला नाव होतं. त्याला ते माहीतही होतं. तरी रोगाच्या नावानं हाक. रांगेतल्या बाया लुगडी सावरत बाजूला झाल्या. त्यांत मी कामाला होते त्या कापसाच्या जिनिंगच्या मुकादमाची बायको होती. माझ्या दंडावर रुपयाएवढा चट्टा, पोलक्याच्या बाहीखाली झाकलेला. आईशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता. डॉक्टरांनी सुद्धा हळूच सांगितलं होतं, गोळ्या घे, बरी होशील.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं फाटकातच अडवलं.

"घरी जाय. बाया भिऊन राह्यल्या."

काम गेलं. त्या कामावर आम्ही मायलेकी जगत होतो. चूल पेटायची पंचाईत झाली.

पुढच्या खेपेला कंपाउंडरनं मला दवाखान्याच्या मागं एकटीला बसवलं. तिथं एक छकडा येऊन थांबला. गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची सून उतरली. मालगुजारी कायद्यानं गेली होती, तोरा कुठं गेला होता! ती मागच्या दारानं आत गेली. उघड्या खिडकीतून दिसलं. तिच्या दंडावर तसाच चट्टा. तशाच गोळ्या. कंपाउंडर तिच्याशी कुजबुजत होता. मग त्याची नजर माझ्यावर पडली. खिडकी धाडकन लावली.

छकडा गेल्यावर तो बाहेर आला.

"काय पाह्यलं ते कोनाले सांगू नको, बाई."

आज मी बाई झाले.

"नाई सांगत. पन माह्यं काऊन गावभर केलं?"

"तुमच्यासारख्याईत लपवाले काय असते?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, जिनिंगच्या फाटकावर उभं राहावं आणि त्या सुनेचं नाव बोंबलून सांगावं. अगदी ओठावर आलं होतं. पण छकड्यात चढताना त्या पोरीनं पदर दंडावर ओढून धरला होता. व्हरांड्यात मी बाही ओढून धरली होती तसाच. मी गिळलं. मालगुजाराच्या भीतीनं नाही. ते गुपित तिचं होतं म्हणून.

"चाल, व्हरांड्यात ये. गोळ्या घे," तो म्हणाला.

मी गेले नाही. सून गेली त्याच दारानं आत शिरले. तो मागोमाग धावत आला. तो आत आल्यावर मी कडी लावली.

"आता माह्यं नाव घे. हळू."

त्यानं घेतलं. दात-ओठ खात घेतलं.

जिनिंगचं काम परत मिळालं नाही. अजून राग येतो, येऊ दे. माझ्या अंगाचं सांगायचं की नाही, ते मी ठरवीन. समोर डॉक्टर असो की मालगुजार. दार लागल्याशिवाय ही बाही वर सरकणार नाही.