शशिकांतकाकांचे सात डाव

टेक्सासमधल्या शुगर लँडचे शशिकांत प्रधान म्हणजे पायाला भिंगरी लावून जन्मलेला माणूस. तेल कंपनीतून रिटायर झाले, पण वरणभात संपेपर्यंतही कधी एका खुर्चीत बसले नाहीत. २०२०च्या जुलैत डॉक्टर म्हणाले, बायपास करायची, आणि त्याआधी चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्याचं काकांना काही वाटलं नाही. चौदा दिवस ऐकून मात्र घाम फुटला.

अकराव्या दुपारी अहिल्याकाकू घोरू लागल्या आणि स्वारी मागच्या दाराने थेट दोस्त अवधूतच्या गॅरेजमध्ये, मेंढीकोट खेळायला. मास्क? होता की, हनुवटीला!

तेराव्या दिवशी कोरोनाचा स्वॅब निगेटिव्ह आला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. तासाभरात अवधूतचा फोन. "शशी, मी पॉझिटिव्ह रे. तू गप्प बस. रिपोर्ट चांगलाय ना? परवा टेबलावर जा, मोकळा हो."

झालं! काकांच्या किचन ते हॉल येरझारा सुरू. सांगावं, तर तारीख जाणार. तोवर हृदय दम धरेल? न सांगावं, तर ऑपरेशनला शेजारची आसावरी नर्स असणार. घशात नळी घालताना पेशंटचा श्वास थेट अंगावर येतो, हे तिनंच सांगितलेलं. आणि तिच्या घरी सत्तरीची आई.

"काय हो, पोटात दुखतंय का?" काकूंनी विचारलं.

"नाही गं."

"मग बसा की जरा!"

काकांनी बाथरूममध्ये शिरून फोन लावला. "आसावरी, समजा, एखादा माणूस पाचच मिनिटं बाहेर गेला..."

"अवधूतकाकांकडे? किती डाव झाले?"

"सात. आणि आज तो पॉझिटिव्ह निघालाय."

"काका, लागण झाल्यावर दोन दिवसांत स्वॅबमध्ये कळेलच असं नाही. सर्जरी कॅन्सल. छातीत दुखलं तर लगेच नाइन-वन-वन, आणि आधी ही पॉझिटिव्ह माणसाची गोष्ट सांगायची."

"ओरडणार नाहीस?"

"ते काकूंवर सोपवते."

काकूंनी ते चोख पार पाडलं.

ठरल्या दिवशी सकाळी काकांना एकशे एक ताप. आसावरीचा फोन आला. "आत्ता आम्ही सहा जण तुमच्या तोंडाशी असतो, काका."

ताप गेला, पण डॉक्टरांनी सात आठवडे थांबवलं. छातीत जरा चमक आली की दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत बसायची. सप्टेंबरात बायपास झाली, सुखरूप झाली. अवधूत मात्र अजून गावभर सांगत फिरतो, "मी वेळेवर फोन केला म्हणून शशी वाचला!"