सर्व्हिस बंद आहे, असं सर म्हणाले

बावधनच्या आमच्या ऑफिसात किस्से इतके साठलेत की चहाला बसलं की कोणीतरी एक काढतंच. आम्ही चौघं घोटावड्याच्या एका कारखान्याची मेसेज क्यू सांभाळतो. ऑर्डरचा निरोप क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, पडतो, तिथून कारखान्याच्या गेटवर जातो आणि मालाची गाडी सुटते. त्यासाठी सर्व्हरची जोडी आहे, म्हणजे क्लस्टर. एक राबतो, दुसरा तो बंद पडायची वाट बघत बसतो.

एकदा क्यू अडकली. आमच्यातल्या निलेशने मोठ्या रुबाबात सर्व्हर रीस्टार्ट केला आणि झालं काम म्हणून चहाला गेला. पठ्ठ्याने नुसत्या बसलेल्यालाच रीस्टार्ट केलं होतं! अडकलेला शेजारी तसाच अडकलेला.

आमचे देसाई सर एकदा कोळवणच्या फार्महाऊसवर बसून काम करत होते. सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना फोनवर घेतलं आणि चांगलं झापलं. तेवढ्यात मागून त्यांच्या शेजाऱ्याचा आवाज आला, "सायेब, लाइट कवाच गेलीया. तुमचं इंटरनेट कशावर चालतंय?" सरांचा लॅपटॉप बॅटरीवर होता. राउटर नव्हता.

पण सगळ्यात भारी किस्सा सुषमाचा. ही लातूरची, अजून प्रोबेशनवर. क्यू नव्या क्लस्टरवर हलवायचं काम सरांनी तिला दिलं होतं. जमलं तर पर्मनंट, नाहीतर घरी.

तिने रात्रीत क्यू हलवली आणि सकाळी सरांनी दोन्ही नव्या सर्व्हरचे पत्ते तपासले. एकही उत्तर देईना.

"सर्व्हिस बंद आहे. जुन्यावर परत जाऊ," सर म्हणाले. पोरीने जीव तोडून काम केलं होतं.

सुषमा मात्र शांत. "सर, क्लस्टरमध्ये ही सर्व्हिस सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यावर ऐकतच नाही. जोडीचा मिळून एक पत्ता असतो, तिथे विचारायचं." तिने तो पत्ता टाकला आणि लगेच कनेक्ट झालं.

सरांना पटेना. कनेक्ट झालं म्हणजे निरोप पोचले असं थोडंच आहे, म्हणाले. मग सुषमाने गेटवरच्या मारुतरावांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि गाड्या अडकल्यात का म्हणून विचारलं.

"अडकत्यात कशाला? सकाळच्या समद्या गेल्या. आज तर लई झटपट काम झालं."

सरांचा हात अजून माउसवरच होता.

सुषमा म्हणाली, "सर, जुन्यावर जायचं असेल तर आधी गाड्या परत बोलवाव्या लागतील."