आधी पावती, मग डबा

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि नळ खाकरला. मग गप्पच. खिडकीतून वाकून पाहिलं, तर पाणी खात्याची दोन माणसं लांब चावीनं आमच्या सोसायटीचा व्हॉल्व्ह बंद करत होती. मी पिठाच्या हातानंच खाली पळाले.

त्यातला वयस्कर माणूस म्हणाला, "ताई, थकबाकी आहे. नोटिसा देऊन देऊन दमलो आम्ही."

"मी दर महिन्याला भरते हो!"

"तुम्ही सोसायटीला भरता. सोसायटीनं आमच्याकडे भरलेले नाहीत. मीटर एकच, तोडलं की सगळ्यांचं तुटतं."

मी डबे देते. ऐरोलीतल्या कंपन्यांमधली पोरंपोरी माझ्या हातचं खातात, आणि नवरा गेल्यापासून माझं घर आणि लेकीचं कॉलेज त्या डब्यांवर चालतं. पाणी नाही तर डबा नाही, आणि चार दिवस डबा चुकला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

संध्याकाळी मीटिंग झाली. पाण्याचे पैसे गेले कुठे, तर नवीन गेटात! ग्रॅनाइटची कमान, वर सोनेरी अक्षरांत सोसायटीचं नाव. चेअरमन म्हणाले, "गेटमुळे फ्लॅटचा भाव वाढतो, ताई. सध्या टँकर मागवू. प्रत्येकानं थोडे थोडे काढा." सगळे माना डोलवायला लागले. मी उठले. म्हटलं, "एकदा दिलेत, परत एक पै देणार नाही. टँकर आला की बिल कोण भरतंय? पाणी खात्यात जा आणि भरा." बाजूची म्हणाली, ॲडजस्ट कर गं. अगं, किती ॲडजस्ट करायचं माणसानं?

सकाळी टँकर आला आणि कमानीखाली अडकला. कमान बांधताना टँकरची उंची कुणाच्या डोक्यात आलीच नव्हती! ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग टँकर मागे घेऊन रस्त्यावरूनच पाइप टाकला आणि बादल्या घेऊन रांग लागली. मी रांगेत गेले नाही. लेक चिडली, "आई, दोन हंडे घे ना, निदान आजचे डबे तरी जातील." म्हटलं, आज घेतले तर उद्याही घ्यावे लागतील. सगळे रिकामे डबे खाली आणले, कमानीखाली मांडले आणि तिथंच ठाण मांडून बसले.

डबे न्यायला आलेल्या प्रत्येकाला एकच सांगितलं: जेवण का नाही, ते चेअरमनना विचारा, दुसरा मजला. दुपारपर्यंत त्यांची बेल वाजून वाजून कंटाळली असेल.

आता त्यांची बायको लेकीकडे परदेशात, त्यामुळे चेअरमनही माझाच डबा खातात. दीड वाजता ते स्वतःच खाली आले.

"ताई, माझा डबा?"

"गेट खा," मी म्हटलं.

तोंड उतरलं हो त्यांचं. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. सोसायटीची रंगकामासाठी ठेवलेली एफडी मोडा, म्हटलं, भिंती विटक्या राहिल्यानं कुणी मरत नाही. दुसऱ्या दिवशी ते आणि सेक्रेटरी पाणी खात्यात गेले, थकबाकी हप्त्यानं भरायचं लिहून दिलं आणि पहिला हप्ता भरला. संध्याकाळी तोच वयस्कर माणूस चावी घेऊन आला. नळ खाकरला, आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले.

तीन गिऱ्हाईकं गेली ती गेलीच. त्याचा राग अजून आहे.

पण आता हप्ता भरला की पावती त्या सोनेरी अक्षरांवर चिकटवायची, हा माझा नियम. येणाराजाणारा बघतो, बघू दे. चेअरमन शिडी लावून स्वतः चिकटवतात. मी खिडकीतून बघते, पावती लागली की मगच त्यांच्या डब्यात भात वाढते.